हिरव्याचे पिवळे होताना

महापालिकेच्या जाहीर नोटिसा वाचायची सवय आपल्यापैकी फार थोड्यांना असते. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टायपात, 'तमाम नागरिकांस कळविण्यात येते की' अशी सुरुवात करून त्या छापलेल्या असतात. पुढे कलमे, उपकलमे, अधिनियमांची सालवार नावे. आपण पान उलटतो आणि शब्दकोड्याकडे वळतो. पण याच नोटिशींतली एखादी नोटीस, आपल्या खिडकीतून दिसणारे मोकळे रान पुढची वीस वर्षे मोकळे राहणार की नाही, हे सांगत असते. शहराच्या विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध झाले आहे, हरकती व सूचना अमुक तारखेपर्यंत लेखी द्याव्यात, एवढाच तिचा मथितार्थ.

जमिनीच्या व्यवहारातली माणसे मात्र ही नोटीस छापून यायच्या आधीच वाचून बसलेली असतात. त्यांच्या बोलीत या साऱ्या खटाटोपाला एक सुटसुटीत नाव आहे, 'हिरव्याचे पिवळे करणे'. आराखड्याच्या नकाशात निवासी भाग पिवळ्या रंगाने दाखवतात, शेती वा ना-विकास क्षेत्र हिरव्या. जमीन तीच, माती तीच, दगडही तेच. कागदावरचा रंग तेवढा पालटतो आणि एकराच्या हिशेबात बोलला जाणारा भाव गुंठ्याच्या हिशेबात बोलला जाऊ लागतो. शहरात कुठल्याही धंद्यात एका रात्रीत एवढी प्राप्ती होत नाही, आणि या प्राप्तीसाठी मालकाला फावडेसुद्धा उचलावे लागत नाही. म्हणूनच आराखडा हा इंजिनिअरांचा विषय आहे असे समजून आपण त्याकडे पाठ फिरवतो, तेव्हा आपण कुणाची सोय करतो, याचा विचार केलेला बरा.

मी पुण्याच्या पश्चिमेला, टेकडीच्या पायथ्याशी राहतो. टेकडी हा पुणेकराच्या जिव्हाळ्याचा विषय. सकाळी टेकडीवर जाऊन आलेला माणूस दिवसभर तसे सांगत असतो, असे आमचे शेजारी म्हणतात. त्यामुळे जमिनीच्या रंगाचा प्रश्न समजून घ्यायला मी टेकड्यांचेच उदाहरण घेणार आहे. ते पुण्याचे आहे, पण ज्या गावाला नकाशा आहे त्या प्रत्येक गावाला ते लागू पडावे.

आधी कायद्याची थोडी ओळख. १९५४ च्या मुंबई नगररचना कायद्याने नगरपालिकांवर विकास आराखडा करण्याचे बंधन घातले. त्याची जागा १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने घेतली आणि आजही राज्यातल्या शहरांचे भवितव्य याच कायद्याने ठरते. क्रम असा: प्रथम शहरातल्या जमिनीचा आज प्रत्यक्ष काय वापर आहे याचा नकाशा करायचा. त्यावरून पुढच्या वीस वर्षांची गरज ओळखून प्रारूप आराखडा करायचा, त्यात रस्ते, शाळा, दवाखाने, बागा, मंडई, स्मशानभूमी यांची आरक्षणे टाकायची. मग तो लोकांपुढे ठेवायचा, हरकती घ्यायच्या, नियोजन समितीपुढे सुनावणी करायची. महापालिका असेल तर या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. शेवटी सारे बाड मंत्रालयात जाते आणि शासन मंजुरी देते. कागदावर ही पद्धत इतकी लोकशाहीची आहे की तिच्यात दोष काढणे कठीण. अडचण येते ती घड्याळाची आणि कॅलेंडरची.

पुण्याचा पहिला आराखडा १९६६ चा, दुसरा १९८७ चा. दुसऱ्याची मुदत वीस वर्षांची, म्हणजे २००७ पर्यंत. त्यानंतरचा आराखडा २००७ ते २०२७ या काळासाठी होता. त्याचे प्रारूप प्रसिद्ध झाले २०१३ मध्ये. त्यावर सत्त्याऐंशी हजारांच्या वर हरकती आल्या. नियोजन समितीत नगरसेवक आणि जाणकार यांचे एकमत झाले नाही, दोघांच्या शिफारशी वेगळ्या निघाल्या. मुदती टळत गेल्या, आणि २०१५ मध्ये शासनाने आराखडा महापालिकेच्या हातून काढून घेऊन विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या त्रिसदस्य समितीकडे सोपवला. अंतिम मंजुरी आली जानेवारी २०१७ मध्ये. म्हणजे वीस वर्षांचा आराखडा मंजूर होईतो त्यातली दहा वर्षे उडून गेली होती. लग्नपत्रिका बारशाच्या दिवशी मिळावी, तसला हा प्रकार.

या मधल्या दहा वर्षांत शहर थांबून राहिले होते असे थोडेच आहे? जिथे शाळा यायची तिथे गोदाम आले, जिथे बाग यायची तिथे चार मजले चढले, आणि मग आराखडा करणाऱ्यांनी 'प्रत्यक्ष स्थिती पाहता' आरक्षण उठवले. उशीर म्हणजे निव्वळ ढिलाई असे आपल्याला वाटते. काही लोकांच्या दृष्टीने उशीर हीच योजना असते.

टेकड्यांचे प्रकरण याहून बोलके आहे. सप्टेंबर १९९७ मध्ये पुण्याच्या हद्दीभोवतालची ३८ गावे महापालिकेत घेतली गेली. ओरड झाली, तेव्हा त्यातली १५ वगळली आणि २३ उरली. (वगळलेल्यांतली बरीच गावे २०१७ आणि २०२१ मध्ये पुन्हा आत आली, आणि त्यातली फुरसुंगी व उरुळी देवाची ही दोन पुन्हा बाहेर काढून त्यांची नगरपरिषद झाली. गावांच्या माणसांनी आपला पत्ता पाठ तरी किती वेळा करावा!) या २३ गावांत बाणेर, बावधन, वारजे, धनकवडी, कात्रज अशी डोंगराच्या कुशीतली गावे होती. त्यांच्यासाठी २००२ साली जो प्रारूप आराखडा झाला, त्यात सुमारे ९७८ हेक्टर, म्हणजे जवळजवळ चोवीसशे एकर टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचे आरक्षण दाखवले होते. इंग्रजी आद्याक्षरांवरून सारे पुणे त्याला 'बीडीपी' म्हणते.

मग वाद पेटला. टेकड्यांवर अजिबात बांधकाम नको असे एक म्हणत, चार टक्के तरी असू द्या असे दुसरे. चार टक्के ऐकायला किती नम्र वाटते! पण चार टक्के घरांना शंभर टक्के रस्ता लागतो, पाणी चढवायला पंप लागतात, सांडपाणी उतरवायला नळ लागतात. आणि उतारावर रस्ता म्हणजे डोंगर कापणे आलेच. माजी महापौर वंदना चव्हाण यांच्या पुढाकाराने नागरिकांनी त्या काळात मोठी मोहीम चालवली. २००५ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने बीडीपीच्या बाजूने कौल दिला आणि प्रस्ताव शासनाकडे गेला. शासनाने आराखड्याच्या इतर भागांना टप्प्याटप्प्याने मंजुरी दिली, टेकड्यांचा निर्णय मात्र राखून ठेवला. तो लागला २०१५ च्या ऑगस्टमध्ये: आरक्षण कायम, आणि मालकाला मोबदला म्हणून आठ टक्के टीडीआर.

येथवर गोष्ट टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांच्या बाजूने झाली. आता दुसरी बाजू. बावधनच्या बाजूला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी माझी बऱ्याच वर्षांची ओळख. सारे त्यांना तात्या म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. एकदा टेकडी वाचली पाहिजे वगैरे मी त्यांच्यापुढे बोलत होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही जिथं हवा खायला येता ना, ते आमच्या आज्याचं रान. तुमची टेकडी वाचली पाहिजे हे मला मंजूर हाय. पर ती वाचवायची वर्गणी एकट्या माझ्याच दारात का मागता?"

या प्रश्नाला उत्तर देणे सोपे नाही. हिशेब मांडून पाहा. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्याचे आठ टक्के म्हणजे सुमारे ३,४८५ चौरस फूट. एक एकर टेकडी सोडायची आणि एवढ्या बांधकामाचा हक्क एका प्रमाणपत्राच्या रूपाने घ्यायचा. ते बांधकाम त्या जागेवर करायचे नाही, दुसऱ्या कुठल्या तरी बिल्डरला विकायचे. टीडीआर म्हणजे एका जागेवरचा बांधकामाचा हक्क उचलून दुसऱ्या जागेवर ठेवणे. त्याला भाव बाजार देईल तोच. सपाटीवर, टेकडीच्या पायथ्याशी, ज्याच्या चुलतभावाची जमीन पिवळ्यात गेली, त्याचे एका पिढीत सोने झाले. याच्या सातबाऱ्यावर कुसळी गवत आणि आरक्षणाचा शेरा. दोघांच्या बांधात अंतर किती? नकाशावर पेन्सिलीच्या एका रेघेचे.

शिवाय निर्णय तेरा वर्षे लटकला, त्या तेरा वर्षांत काय घडले हे टेकडीच्या अंगावरच लिहिलेले आहे. जमीन सरकार घेत नाही, मालकाला बांधू देत नाही, कर्जापुरतीही तिची किंमत नाही. मग कुणीतरी भेटतो, गुंठा-गुंठा पाडून साध्या स्टँपपेपरवर, कुलमुखत्यारपत्रावर विकून देतो. घेणारे कोण? मराठवाड्यातून, सोलापूरकडून पोटासाठी आलेली माणसे. रिक्षावाले, सुतार, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बायका. गावाकडचे किडूकमिडूक मोडून त्यांनी पुण्यात गुंठा घेतला आणि पत्र्याची खोली बांधली. त्यांना बीडीपी हे अक्षर ठाऊक होते ते नोटीस दारावर चिकटल्यावर. आता टेकडी वाचवायची म्हणजे ही घरे पाडायची का? आणि पाडायची नसतील तर ज्याने कायदा पाळून गवत राखले तो मूर्ख ठरला का? प्रामाणिक माणसाला मूर्ख ठरवणारा आराखडा फार दिवस टिकत नाही. आमच्यासारखे पायथ्याचे सोसायटीवाले या भांडणात बरेचदा असे बोलतात की जणू टेकडीला दोनच शत्रू आहेत, बिल्डर आणि झोपडीवाला. आमच्या सोसायट्याही कधीकाळच्या शेतातच उभ्या आहेत, हा तपशील सोयीने गळून पडतो.

एवढे असूनही टेकड्या हिरव्याच राहिल्या पाहिजेत असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण सकाळचा फेरफटका हे नाही. कारण पाणी हे आहे. आपल्याकडचा डोंगर म्हणजे बेसाल्टचे थर; पावसाचे पाणी मुरते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, आणि पायथ्याला झरे, विहिरी, ओढे होऊन निघते. हे ज्ञान आपल्याला परदेशी तज्ज्ञांनी दिलेले नाही. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी बंद नळाने शहरातल्या हौदांपर्यंत आणले, ते याच डोंगरांच्या भरवशावर. त्याच कात्रजच्या डोंगरातून आंबिल ओढा निघतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो ओढा शहरात शिरला. भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, पुणे परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. पाऊस प्रचंड होता हे खरेच. पण उघडा केलेला डोंगर, त्यावरचे सिमेंट आणि काठ आवळलेला ओढा यांनी त्या पावसाला वाट मोकळी करून दिली. वरच्या उतारावर रंग पालटतो, तेव्हा खालच्या वस्तीतल्या माणसाला कुणी नोटीस देत नाही. कायद्याच्या भाषेत तो 'बाधित' नसतो.

म्हणजे प्रश्न टेकडी राखावी की नाही हा नाही. ती राखण्याचा खर्च कुणी द्यायचा, आणि तो वेळेवर द्यायचा की नाही, हा आहे. साऱ्या शहराला पाणी आणि हवा मिळते तर साऱ्या शहराने द्यावा, हे सरळ आहे. इमारतींना जादा चटईक्षेत्र विकून महापालिकेच्या तिजोरीत जो पैसा येतो त्यातला ठरावीक वाटा दरवर्षी टेकड्या खरेदी करण्यासाठी बाजूला काढला असता, तर तात्यांच्या प्रश्नाला उत्तर मिळाले असते. आठ टक्के द्यायचे की अधिक, यावर तज्ज्ञांनी भांडावे. तेरा वर्षे काहीच न देणे मात्र कुठल्याच तज्ज्ञाला समर्थनीय ठरवता येणार नाही. कायद्यातच तशी तरतूद आहे. आरक्षण टाकून दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक कलम १२७ खाली खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या मुदतीत, जी आता दोन वर्षांची आहे, हालचाल झाली नाही तर आरक्षण आपोआप सुटते. बागेसाठी राखलेली किती तरी मैदाने याच वाटेने गेली. दोष कलमाचा नाही. दुसऱ्याची जमीन जन्मभर अडवून ठेवायची नाही हे न्यायाचेच आहे. दोष तिजोरीत तजवीज न करता नकाशावर हिरवा रंग फासण्याचा.

दुसरी एक वाट आहे ती कलम ३७ ची. मंजूर आराखड्याचे मूळ स्वरूप न बदलता करायचा फेरबदल, अशी तिची व्याख्या. एका सर्व्हे नंबरचा रंग पालटला तर मूळ स्वरूप बदलत नाही, हे कुणीही मान्य करील. पण असे फेरबदल एकामागून एक होत गेले की दहा वर्षांनी मूळ स्वरूप शोधायला भिंग घ्यावे लागते. मोठा आराखडा येतो तेव्हा निदान गाजावाजा होतो, सभा होतात. या किरकोळ फेरबदलांच्या नोटिसा तर शब्दकोड्याच्याही खाली असतात.

हरकतींचे काय होते, हा घरोघरी विचारला जाणारा प्रश्न. मुंबईचा २०३४ पर्यंतचा आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात इतक्या ढोबळ चुका निघाल्या की उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले दिसले. हरकतींचा पाऊस पडला, दोन महिन्यांत मुख्यमंत्र्यांनी तो गुंडाळायला लावला. सुधारित आराखडा पुढच्या वर्षी आला आणि अमलात यायला २०१८ उजाडले. इकडे पुणे महानगर प्रदेशाचा प्रारूप आराखडा २०२१ मध्ये निघाला, साठ हजारांवर हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, आणि २०२५ मध्ये शासनाने तो आराखडाच रद्द करण्याचा निर्णय घेतला. ज्यांच्या हरकती होत्या त्यांना हा विजय वाटला असेल. पण आराखडाच नसलेल्या गावात बिल्डर थांबत नाहीत. थांबतात ते रस्ते आणि शाळा.

पिंपरी-चिंचवडचे २०२५ चे उदाहरण तर विचार करण्यासारखे आहे. मे महिन्यात प्रारूप प्रसिद्ध झाले आणि सुमारे पन्नास हजार हरकती आल्या. त्यात एक आरक्षण मोशीच्या हद्दीत, आळंदीजवळ, कत्तलखान्याचे होते. वारकऱ्यांमध्ये संताप उसळला. ज्ञानोबामाउलींच्या पालखीच्या प्रस्थानाच्या दिवशी मुख्यमंत्री आळंदीत आले आणि आरक्षण काढून टाकण्याची घोषणा तिथेच झाली. वारकऱ्यांच्या भावना समजण्यासारख्या आहेत, आणि आळंदीशेजारी ही जागा सुचवताना आराखडा करणाऱ्यांनी नकाशावरून मान वर करून इंद्रायणीकडे पाहिले होते की नाही अशी शंका येते. पण याची दुसरी बाजू अशी की ज्याच्यामागे लाखोंची दिंडी आहे त्याची हरकत एका दिवसात मान्य होते, आणि ज्याच्या दोन खोल्यांवरून रस्ता जातो त्याला सुनावणीचा क्रमांक मिळतो.

आपण नागरिक म्हणून हरकत घेतो तीही जरा तपासून पाहिली पाहिजे. 'शहराला स्मशानभूमी हवी, पण आमच्या शेजारी नको' या चालीवरच्या हरकती फार. कचऱ्याचा प्रकल्प पलीकडच्या वॉर्डात, शाळा मात्र आमच्या कोपऱ्यावर. बऱ्याच हरकती एकाच छापील नमुन्यावर केवळ सह्या बदलून दिलेल्या असतात. सुनावणीला त्यांचा गठ्ठा एकत्र निकालात निघतो, आणि त्याबद्दल अधिकाऱ्याला दोष देता येत नाही. ज्या हरकतीत सर्व्हे नंबर असतो, जागेचे छायाचित्र असते, आधीच्या मंजूर आराखड्याचा दाखला असतो आणि पर्यायी जागाही सुचवलेली असते, ती बाजूला सारायला समितीला निदान काही कारण लिहावे लागते.

एप्रिल २०२३ मध्ये वेताळ टेकडीसाठी हजारो माणसे रस्त्यावर उतरली. बालभारती ते पौड फाटा या नियोजित रस्त्याला त्यांचा विरोध होता. आजीआजोबा होते, शाळेतली पोरे होती. मला त्या गर्दीचे कौतुक वाटले, आणि एका गोष्टीचे वाईटही. तो रस्ता काही २०२३ मध्ये आकाशातून पडला नव्हता. आराखड्यात तो कितीतरी वर्षे रेघ होऊन पडून होता. रेघ कागदावर असते तेव्हा ती पुसायला हरकतीचा अर्ज पुरतो. तीच रेघ ठेकेदाराच्या हातात गेली की मोर्चा लागतो, कोर्ट लागते, आणि मग उशीर झालेला असतो.

तेव्हा पुढची नोटीस निघाली की काय पाहावे, हे सांगून ठेवतो. प्रारूप आराखड्याच्या आधी जमिनीच्या सध्याच्या वापराचा नकाशा होतो, तो आधी पाहावा. त्यात तुमच्या भागातला ओढा ओढा म्हणून दाखवला आहे की पायवाट म्हणून, मैदान 'मोकळी जागा' आहे की 'पडीक', हे तपासावे. पुढची सारी गफलत तिथूनच सुरू होते. मग जुना मंजूर नकाशा आणि नवे प्रारूप शेजारी ठेवून आपल्या पेठेतले, आपल्या वाडीतले रंग जुळवावेत. जिथे हिरव्याचे पिवळे झाले असेल तिथला सर्व्हे नंबर टिपून घ्यावा आणि बदलाचे कारण लेखी विचारावे. खात्री करायची असेल तर नगररचना विभागाकडून त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला आणि भाग नकाशा मागता येतो. अर्ज करायचा, फी भरायची, आणि पोचपावतीवर तारखेचा शिक्का नीट उमटला आहे ना हे खिडकीवरच पाहून घ्यायचे.